पद्मिनी मुंबईहून कोल्हापूरला: छोट्या पिकअपमागे ट्रेलर जोडून

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली. खासगी पद्मिनी मात्र अजून सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. ज्यांना त्या पुन्हा चालू करायच्या असतात त्यांतले काही जण कोल्हापूर गाठतात, कारण शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, लेथकाम, ओतकाम हाकेच्या अंतरावर मिळतं. प्रश्न उरतो तो गाडी तिथवर नेण्याचा. गाडी बंद, अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत बोरघाट, कात्रज, खंबाटकी. आम्ही हे काम छोटी पिकअप आणि दोन एक्सलचा ट्रेलर लावून करतो.

टोचन लावून एवढं अंतर जायचा विचार आधीच सोडून द्यावा. रस्त्यावरच्या टोचनासाठी १९८९ च्या नियमावलीने (२०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली) आखलेली चौकट अशी होती: बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढायची, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूस हवा नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवीत, मागे ७५ मिलिमीटर उंच काळ्या अक्षरांची पांढरी पाटी हवी, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. ट्रेलर या वेगमर्यादेच्या बाहेर होता. कायदा बाजूला ठेवला तरी यंत्र ऐकत नाही. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं जमिनीवर फिरत राहिली की प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही फिरतो. पण इंजिन बंद असल्यामुळे खालचा ले शाफ्ट उभाच असतो. गिअरबॉक्समध्ये तेल वर उडवायचं काम तोच करतो. चार-पाच किलोमीटरला काही बिघडत नाही, पण पनवेल ओलांडेपर्यंत आतली बेअरिंगं कोरडी पडायला लागतात. ऑटोमॅटिक गाड्यांचं तर याहून वाईट होतं, कारण त्यांचा तेलपंपच इंजिनवर चालतो. म्हणून लांब पल्ल्याला चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत.

आता वजन. पद्मिनी सुमारे ९०० किलोची, दोन एक्सलचा साधा लोखंडी ट्रेलर ५०० च्या आसपास. म्हणजे मागे १,४०० किलो ओढायचे. ओढणारी पिकअप, हत्यारं आणि माणसं धरून, याहून जड हवी. आमची १,८०० च्या पुढे भरते. पिकअप बनवणाऱ्या कंपनीने ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिली आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावं. दिली नसेल तर त्या पिकअपने हे काम करू नये, मग इंजिन कितीही ताकदीचं असो. या कामात इंजिनाच्या ओढण्याचा भाग थोडा आहे. थांबवणं, आणि सरळ रेषेत ठेवणं, हे खरं काम. बिनब्रेकचा ट्रेलर युरोपात ७५० किलोपर्यंतच चालवू देतात. १,४०० किलोला ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय निघायचंच नाही. आमच्या ट्रेलरला धक्क्यावर लागणारे ब्रेक आहेत: पिकअप हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्याच्या पुढच्या दांड्यातली नळी आत दबते आणि तीच वायर ओढून ट्रेलरच्या ब्रेकचे शू लावते.

हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, पिकअपच्या चासीला बोल्टने बसवलेली हवी. बंपरला किंवा मागच्या क्रॉस पट्टीला वेल्ड केलेला हुक गाडी चिखलातून ओढायला ठीक, ट्रेलरला नाही. हिचवरच्या लोखंडी बॉलवर ट्रेलरच्या दांड्याचा कपलर बसतो; तो बॉल घेताना एक गोष्ट फार जपून पाहावी. बाजारात ५० मिलिमीटरचा आणि २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, असे दोन बॉल शेजारी शेजारी ठेवलेले असतात. डोळ्याला सारखेच दिसतात. २ इंचांच्या कपलरमध्ये ५० चा बॉल बसतो, कुलूपही लागतं, पण आत खेळ राहतो आणि मोठ्या खड्ड्यात कपलर वर उसळून निसटू शकतो. बॉलच्या डोक्यावर कोरलेला आकडा आणि कपलरवरचा आकडा एकच हवा. कुलूप लावल्यावर ट्रेलरच्या जॅकने दांडा वर उचलून पाहावा. पिकअपची मागची बाजू सोबत वर आली तर पकड बसली. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून चासीला लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तरी दांडा रस्त्यात रुतण्याआधी साखळ्यांच्या झोळीत पडतो. ८ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी २ टनांसाठी चालते. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तुटवायर वेगळी. ती चासीतच अडकवायची. बॉलभोवती गुंडाळली तर बॉल निघाला की तीही सोबत निघून जाते.

गाडी उचलायच्या आदल्या दिवशी जागेवर जाऊन यावं. मुंबईत चार पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक शू हमखास ड्रमला चिकटलेले असतात. खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. एकेक चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवायचं. फिरत नसेल तर आधी अॅडजस्टर सैल करायचा, मग ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा टेकवून त्यावर हातोडीने गोल फिरत ठोके द्यायचे. थेट ड्रमवर मारलं तर बीड तडकतं आणि नवा ड्रम शोधण्यात महिने जातात. चाक सुटलं नाही तर तेवढ्या चाकाखाली ट्रॉली घालावी, पण दोरावर जोर वाढवून फरफटत ओढू नये. टायर हवा धरत नसतील तर त्याच मापाचे जुने, चार तास हवा धरणारे टायर तात्पुरते चढवावेत. बसक्या टायरवर गाडी ओढायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो आणि रिमची कडा वाकते. याच वेळी खाली झोपून फ्लोअर आणि चासीचे कोपरे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावेत. कुठे पट्टा बांधता येईल ते तेव्हाच ठरतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढावं, बॅटरीची तार सोडावी.

सोसायटीच्या आवारात ट्रेलर रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवायचा, चूक होत नाही. मागे उभा राहणारा एकच माणूस बोलेल, बाकी वॉचमनपासून पहिल्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं, हे आधी सांगून ठेवावं. चार जण एकाच वेळी "येऊ दे, येऊ दे" म्हणाले की भिंत नक्की.

चढवण्यातला सगळ्यात मोठा धोका बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाडीची पुढची चाकं ट्रेलरच्या शेपटीवर आली की तिथलं वजन दांडा वर उचलतं, दांडा पिकअपची मागची बाजू वर उचलतो. पिकअपचा हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. ती हलकी झाली की हँडब्रेक असून नसल्यासारखा, आणि उतार असेल तर पिकअप, ट्रेलर, अर्धी चढलेली पद्मिनी असा सगळा ताफा चालायला लागतो. म्हणून ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली दोन पाय किंवा मजबूत लाकडी ओंडके लावल्याशिवाय गाडी रॅम्पवर घ्यायची नाही, आणि ठोकळे पिकअपच्या पुढच्या चाकांना लावायचे.

गाडी विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटाने, ओढायची. ४५ सेंटीमीटर उंचीवर २ मीटरच्या रॅम्पने जायचं तर चढ साधारण १३ अंशांचा होतो. ९०० किलोची मोकळी फिरणारी गाडी तिथे २०० किलोच्या आसपास ओढ मागते. हाताच्या विंचला हे जमतं. चाक जड फिरत असेल तर मध्ये एक पुली टाकून दोर दुहेरी करावा, जोर निम्मा होतो. दोरावर मधोमध भिजवलेलं गोणपाट टाकावं. दोर तुटला तर तो हवेत न उसळता खाली पडतो. दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, स्टिअरिंग सांभाळणाऱ्याने खिडकीतून हात घालून बाजूने चालायचं.

आता गाडी ट्रेलरवर नेमकी कुठे उभी करायची, यावर सगळा प्रवास अवलंबून आहे. बॉलवर पडणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. १,४०० किलोचे १० टक्के १४० किलो. १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. फार वर गेलं की पिकअपची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. पिकअपच्या मागच्या एक्सलपासून बॉल १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस ३ मीटर धरला, तर बॉलवरचे १५० किलो पुढच्या एक्सलवरून ६० किलो काढून घेतात आणि मागच्या एक्सलवर २१० टाकतात. त्यामुळे आम्ही हत्यारं, जॅक, स्टेपनी हौद्यात केबिनला चिकटून ठेवतो.

हिशेब असा. बॉलपासून ट्रेलरच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत ३.२ मीटर. रिकाम्या ट्रेलरचे बॉलवर ४० किलो. गाडीने आणखी ११५ च्या आसपास द्यायला हवेत. त्यासाठी गाडीचा गुरुत्वमध्य एक्सलच्या मध्यापासून सुमारे ४० सेंटीमीटर पुढे हवा. पद्मिनीचा व्हीलबेस २.३४ मीटर. इंजिन जागेवर असलेल्या गाडीत गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या रेषेपासून १.१ मीटर मागे धरला, तर पुढच्या चाकाचा मध्य ट्रेलरच्या एक्सलमध्यापासून १.५ मीटर पुढे येतो. तिथे ट्रेलरच्या पट्टीवर रंगाची खूण. पुढे-मागे प्रत्येक १० सेंटीमीटरला बॉलवर २८ किलोंचा फरक पडतो. इंजिन-गिअरबॉक्स आधीच काढून पाठवलेला असेल तर गोष्ट बदलते: पुढच्या चाकांवरचे १२० किलो गेले असं धरलं तर गुरुत्वमध्य साधारण १७ सेंटीमीटर मागे सरकतो, म्हणजे गाडीही तेवढी पुढे घ्यावी लागते. इंजिन असलेल्या गाडीच्या खुणेवर बिनइंजिनाची गाडी उभी करून निघालेले ट्रेलरच रस्त्यात जास्त डुलतात.

हे वजन प्रत्यक्ष मोजायचंच. वाहनांच्या वजनकाट्यावर पाच-दहा किलोंचा फरक नीट कळत नाही, म्हणून घरातला वजनकाटा वापरतो. तो १५० किलोला संपतो, त्यामुळे मध्ये फळी घालायची. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दांड्याचा पाय विटेपासून १ फुटावर आणि काट्यापासून २ फुटांवर टेकवला की काटा एक तृतीयांश दाखवतो. ५० आले तर बॉलवर १५०. मोजताना ट्रेलर सपाट जागेवर आणि दांडा जमिनीला समांतर हवा. दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये दांडा वर-खाली झाला तर आकडा खोटा येतो.

बांधताना गाडीच्या बॉडीला पट्टा लावायचा नाही. बॉडी कमानींवर डुलते, खड्ड्यात खाली दबली की पट्टा ढिला पडतो आणि वर येताना हिसका बसतो. शिवाय गंजलेल्या फ्लोअरचा हुक त्या हिसक्याने उखडतो. मागे पट्टा एक्सलच्या नळीला, कमानपाट्याजवळ, ब्रेकचा पाइप चुकवून. पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला. ५० मिलिमीटर रुंदीचे चार रॅचेट पट्टे, लेबलवर २,५०० डेकान्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टनांची ओढ, लिहिलेले. भार बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर धरतात. ९०० किलोला पुढे ७२० किलो. एवढ्याला पट्टे पुरून उरतात, पण धारदार कडेवरून गेलेला पट्टा कितीही जाड असला तरी कापला जातो. म्हणून प्रत्येक कडेखाली जुन्या टायरचा तुकडा. रॅचेटच्या दांडीवर पट्ट्याचे किमान दोन वेढे यायला हवेत आणि सुटं टोक गाठ मारून बंद. लांब पट्ट्याला अर्धा पीळ दिला की तो वाऱ्यात थरथरत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चारही चाकांना ठोकळे ठोकावेत. जुन्या हँडब्रेकवर भिस्त नको. बॉनेटचं कुलूप कितीही घट्ट वाटलं तरी वरून सुती पट्टा टाकावा. ताडपत्री मात्र काढून टाकावी. वाऱ्याने फडफडून ती दोन तासांत रंग घासून काढते.

दिव्यांची सात पिनांची जोडणी ठरलेली आहे: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ (अर्थिंग), ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबरची पिन मागच्या फॉग दिव्यासाठी. इंडिकेटर लावला की टेल दिवेही सोबत मिचकतात, ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण जवळजवळ नेहमी अर्थ असतो. अर्थ बॉलमधून मिळेल या भरवशावर वायर सोडलेली असते, आणि बॉलवर तर ग्रीस. वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली की प्रश्न मिटतो. कागदपत्रांत पिकअप आणि ट्रेलर या दोघांची नोंदणी आणि विमा, गाडीचं आरसी आणि मालकाचं सहीचं पत्र. पद्मिनीच्या काचेवर फास्टॅग असेल तर तो काढावा किंवा अॅल्युमिनियम फॉइलने झाकावा, नाहीतर टोलवर दोन्ही टॅग वाचले जाऊ शकतात.

पहाटे चारला कुर्ल्याहून निघालं की सायन-पनवेल रस्ता मोकळा मिळतो. पहिला थांबा वीस-पंचवीस किलोमीटरवरच. पट्टे तोवर बसलेले असतात, रॅचेट एक-दोन दाते आणखी आवळला जातो. चाकांचे नट पान्याने पाहायचे. ट्रेलरच्या चारही हबवर हात ठेवायचा: कोमट चालेल, हात टेकवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक लागलेला राहिलाय. बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळून मग सहावा हिस्सा मागे घ्यायचा असतो, आणि त्यात नवी स्प्लिट पिन.

पनवेलनंतर आम्ही जुन्या महामार्गाने जातो. वेग पन्नास-पंचावन्नच्या वर न्यायचाच नाही, तर मागच्यांचा रस्ता कशाला अडवा. जुन्या रस्त्यावर थांबायला जागा आणि पंक्चरवाले जास्त. खोपोलीनंतर शिंग्रोबाच्या देवळाकडचा चढ अरुंद आणि वळणांचा. वळणावर ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकांपेक्षा आत येतात, म्हणून उजवीकडचं वळण बाहेरून घ्यावं आणि डावीकडच्या वळणात कठड्यापासून दीड-दोन फूट जास्त सोडावं. चढाला दुसरा गिअर आधीच टाकावा, अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नये. एसी बंद, डोळा तापमानाच्या काट्यावर. चढावर थांबावं लागलं तर क्लीनरने उतरून आधी ट्रेलरच्या चाकामागे ठोकळा लावायचा, मग पिकअपच्या. दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाकायचा. घाटात तसाच सोडलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो. आम्ही यात कधीच सूट देत नाही.

उतारावर धक्क्याच्या ब्रेकचा स्वभाव ओळखून राहावं. इंजिन ब्रेकवर उतरताना ट्रेलर सतत पुढे रेटत असतो, त्यामुळे त्याचे शू हलके लागलेलेच राहतात आणि ड्रम तापत जातात. खंबाटकी संपल्यावर सुरूरच्या आधी-नंतर जागा पाहून थांबतो, ड्रम हाताने पाहतो, वास घेतो. जळका वास आला तर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं तर बीडाला तडा जातो.

सातारा-कराडच्या सरळ रस्त्यावर लांब बस जोरात शेजारून गेली की तिची हवा आधी ट्रेलरला ढकलते, मग आत ओढते. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारू नये, स्टिअरिंगने त्याच्या मागे लागू नये आणि वेगही वाढवू नये. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, पाच-सहा सेकंदांत डुलणं विरतं. नंतर थांबून टायरची हवा आणि बॉलवरचं वजन पुन्हा पाहायचं. पट्टा ढिला पडून गाडी दहा सेंटीमीटर मागे सरकली असेल तर अठ्ठावीस किलो गेलेले असतात.

कोल्हापुरात उतरवताना क्रम उलटा. आधी ट्रेलरचे मागचे पाय, पिकअपच्या पुढच्या चाकांना ठोकळे, विंचचा दोर ताणलेला, आणि मगच पट्टे सोडायचे. पट्टे आधी सोडले तर उतारावर गाडी मागच्या माणसाच्या अंगावर येते. गाडी विंचवरच हळूहळू खाली सोडावी. तिच्या स्वतःच्या ब्रेकमध्ये तेलही नसतं.

परतीला रिकामा ट्रेलर खड्ड्यात फार उडतो, म्हणून त्याच्या टायरमधली हवा थोडी उतरवतो आणि साखळ्या, रॅम्प, विंच वेगळे बांधतो. पुण्यात शिरताना नव्या कात्रज बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा उतार लांब आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांचे ब्रेक तिथे निकामी झाले आहेत. बोगद्यातून बाहेर पडतानाच तिसरा गिअर टाकून ठेवावा आणि पूल ओलांडेपर्यंत तो बदलू नये.